‘मला जायचंय’ म्हणणारं लेकरू

परभणी जिल्ह्यातल्या एका आईचं पत्र आलंय. नाव-गाव छापू नका, असं त्यांनीच लिहिलंय. पत्र चांगलं चार पानांचं आहे, त्यातलं लागेल तेवढं देते.

“ताई, आमचं एकुलतं एक लेकरू लातूरला अकरावीला आहे, होस्टेलवर राहतं. जन्म मुलीचा. दिवाळीत घरी आली तर अभ्यासाला घेऊन दिलेल्या लॅपटॉपवर रात्री बारा-बारापर्यंत गेम. एका रात्री मी पाणी प्यायला उठले. बघते तर स्क्रीनवर पंखवाला एक डायनासोर गिटार घेऊन उभा, अन् ही तिकडं बघत रडायली. काय झालं विचारलं तर म्हणे, ‘आई, मी मुलगी नाही. अन् मुलगाबी नाही. याला नॉन-बायनरी म्हणतात. हे फँगबी तसंच आहे.’ ह्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, गेमनंच डोकं फिरवलं, लॅपटॉप विकून टाकू अन् संभाजीनगरला डॉक्टरला दाखवू. सासूबाईंच्या कानावर काही घातलेलं नाही. त्या आपल्या ‘लेकरू आलं का, जेवलं का’ एवढंच विचारतात. मला मात्र सातवीपासून हिच्या बोलण्यात काहीतरी वेगळं जाणवायचं. ‘मी जाते’ असं कधी म्हणायचीच नाही, ‘मला जायचंय’ म्हणायची. मी बारावी शिकलेली बाई. गेममुळं असं होतं का? लॅपटॉप काढून घेऊ का? आणि हिला आता हाक तरी काय मारू?”

ताई, पत्र दोनदा वाचलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय, फक्त ते दुसऱ्या पानाच्या तळाशी दडून बसलंय.

मी तीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळं माणसाच्या चेहऱ्याआधी मला त्याची क्रियापदं दिसतात. आपल्या भाषेत ‘मी’ला लिंग नाही, पण त्याच्या मागून येणारं क्रियापद लगेच चुगली करतं. जातो की जाते, आलो की आले, आपल्याकडचं जेवायलो की जेवायले. दिवसातून शंभरदा माणसाला तोंडानं कबुली द्यावी लागते. यातून सुटायच्या वाटा मोजक्याच आहेत. ‘मला जायचंय’ ही एक. ‘माझं जेवण झालं’ ही दुसरी. ‘रविवारी येईन’ म्हटलं की भविष्यकाळात लिंग लपतं. ‘मी पाणी भरलं’, ‘मी धडा वाचला’ यात क्रियापद पाण्यामागं नाहीतर धड्यामागं जातं, बोलणाऱ्याकडं बघतही नाही. तुमच्या लेकरानं या वाटा सातवीतच, कुणी न शिकवता, एकेक करून शोधून काढल्या. व्याकरणाचा तास घेताना मलाही इतकं सफाईनं जमलं नसतं. आणि तो डायनासोरवाला गेम, ‘गुडबाय व्होल्कॅनो हाय’, बाजारात आला २९ ऑगस्ट २०२३ ला. सातवीतलं ते ‘मला जायचंय’ त्याच्या आधीचं आहे. गेमनं काही पेरलेलं नाही. जे आधीच उगवलेलं होतं त्याला नाव मिळालं. एवढं मात्र गेममुळं झालं, हे मान्य करायला हवं.

आता तो गेम काय आहे ते सांगते, म्हणजे ह्यांना सांगताना तुमच्या हातात काहीतरी असेल. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या को-ऑप (KO_OP) नावाच्या छोट्या स्टुडिओनं तो केलाय. सगळी पात्रं डायनासोर, पण वागायला-बोलायला माणसांसारखी. शाळेचं शेवटचं वर्ष चालू आहे. मुख्य पात्र फँग गातं, गिटार वाजवतं, मित्रमैत्रिणींबरोबर त्याचा बँड आहे. ते ना मुलगा, ना मुलगी. आणि आकाशातून एक उल्का पृथ्वीकडं येतेय. डायनासोरांच्या गोष्टीत याचा अर्थ काय, ते शाळकरी पोरालाही माहीत असतं. म्हणजे उद्या जग राहील की नाही ठाऊक नाही, तरी आज बँडमध्ये भांडणं आहेत, मैत्रीण दुसऱ्या वाटेनं निघालीय, घरी मनातलं बोलता येत नाही. फँगचं मुलगा-मुलगी नसणं हा त्या गोष्टीतला एक धागा आहे, अख्खी गोष्ट नाही. मला हीच बाजू आवडली. एक खटकलंसुद्धा: बोलणं फार, खेळणं कमी. गाण्याच्या वेळी तालावर बटणं दाबायची, बाकी वेळ संवाद वाचत आणि उत्तरं निवडत बसायचं. पण अकरावीतलं, घरापासून लांब होस्टेलवर राहणारं, पुढच्या वर्षी आयुष्य ठरणार असं रोज ऐकणारं लेकरू ते बघून का रडलं, हे कळायला मला काही वेळ लागला नाही. लातूर पॅटर्नमधल्या पोरांना उल्का काय सांगायची!

ह्यांना आणखी एक गोष्ट सांगा. ‘सेलेस्ट’ नावाचा गेम आहे, २०१८ चा. मॅडलिन नावाची मुलगी एक डोंगर चढते आणि वाटेत तिची स्वतःचीच सावली तिच्या पाठी लागते. वर रोपवेच्या पाळण्यात अडकल्यावर तिचा श्वास कोंडतो, तेव्हा सोबतचा मित्र तिला डोळ्यांसमोर एक पीस आणायला सांगतो. ते पीस हवेत तरंगत ठेवायचं, श्वासाबरोबर वर आणि श्वासाबरोबर खाली. (माझा रक्तदाब वाढला की मी आता तेच करते, डॉक्टरांना सांगितलेलं नाही.) हा गेम ज्यांनी केला त्या मॅडी थोर्सन यांनी २०२० साली जाहीर लिहिलं की मॅडलिन ट्रान्स (जन्मावेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा वेगळं लिंग आपलं मानणारी) आहे, आणि गेम करायला घेतला तेव्हा आपण स्वतः ट्रान्स आहोत हे आपल्यालाच कळलेलं नव्हतं. मॅडलिन नॉन-बायनरी नाही, ट्रान्स मुलगी आहे. दोन्हींत फरक आहे, तो लेकरू तुम्हाला माझ्यापेक्षा नीट समजावून सांगेल. मी हे सांगतेय ते वेगळ्या कारणासाठी. गेम माणसाच्या डोक्यात घुसला म्हणता, इथं तर माणसाच्या आतलं त्याच्याही आधी गेममध्ये उतरलं होतं.

लॅपटॉप काढून घेऊ नका. विकायचा तर विषयच काढू नका. घरात खरं बोलल्याबरोबर काहीतरी हिसकावलं जातं, हा धडा एकदा बसला की पुढच्या वेळी तुम्हाला काही कळणार नाही. रात्री बारापर्यंत जागण्याबद्दल जरूर बोला, पण जागरण म्हणून बोला. क्रिकेट बघत बारापर्यंत बसलं असतं तर जे म्हणाला असता तेच, त्याच आवाजात.

संभाजीनगरच्या डॉक्टरचं काय? लेकरू उदास असेल, जेवत नसेल, झोपत नसेल, स्वतःला काही करून घेण्याची भाषा करत असेल, तर डॉक्टरकडं नक्की न्या. मनाच्या त्रासासाठी सरकारचा टेलिमानस हा फोन क्रमांक आहे, १४४१६. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. पण ‘हिला पुन्हा मुलगी करून द्या’ म्हणून न्यायचं असेल तर तसं औषध जगात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या आजारयादीत, जी २०२२ पासून लागू झाली, जन्माचं लिंग आपलं न वाटणं हे मानसिक आजारांच्या प्रकरणात ठेवलेलंच नाही. आपल्या नॅशनल मेडिकल कमिशननं त्याच वर्षी असले ‘सरळ करण्याचे’ उपचार म्हणजे डॉक्टरकीच्या व्यवसायातलं गैरवर्तन असं ठरवलंय. एखादा डॉक्टर तयार झालाच तर तिथून उठून या, फी बुडाली तरी चालेल. आणि डॉक्टर नाही म्हणाला म्हणून कुणा देवऋषाकडं जाऊ नका. आपल्याकडं पुढचं पाऊल तेच पडतं म्हणून आधीच लिहिलं.

आता हाक. इथं मला माझी एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. नोकरीच्या सुरुवातीची वर्षं होती. आठवीच्या एका मुलीनं ‘मी पाहिलेली जत्रा’ हा निबंध ‘मी गेलो, मी बसलो, मी पाळण्यात घाबरलो’ असा अथपासून इतिपर्यंत लिहिला. मी तांबड्या शाईनं एकेक ‘लो’ खोडून ‘ले’ केलं. बावीस ठिकाणी. मोजले म्हणून लक्षात आहेत, कारण बावीस चुकांचे गुण कापून खाली सहीसुद्धा ठोकली होती. तिनं वही घेतली, काही बोलली नाही. पुढच्या निबंधात ‘ले’ होतं सगळीकडं, पण निबंध आठ ओळींचा. मी शाबासकी दिली. कोल्हापूरकडच्या जुन्या बायका सर्रास ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात, हे मला तेव्हाही माहीत होतं. तिथं कुणी तांबडी शाई घेऊन धावत नाही. तरी मी खोडलं. तुमचं पत्र वाचताना ती वही जशीच्या तशी डोळ्यांपुढं आली.

तर, त्या डायनासोरवाल्या गेममध्ये फँगला इंग्रजीत ‘ही’ (he) किंवा ‘शी’ (she) न म्हणता ‘दे’ (they) म्हणतात. इंग्रजीचं ते भागतं, कारण तिथं क्रियापद चुगली करत नाही. मराठीत ‘दे’चं काय करायचं, यावर सगळ्यांचं एकमत झालेलं नाही. काही जण स्वतःसाठी आदरार्थी ‘ते आले’ घेतात, काही जण नपुंसकलिंगी ‘ते आलं’ घेतात, तर काहींना ‘ते आलं’ म्हणजे वस्तूसारखं वाटतं आणि नको असतं. कुणी सोयीचं ‘तो’ धरतं, कुणाला ‘ती’चाही त्रास होत नाही. म्हणून तुम्ही मनानं ठरवू नका, लेकराला विचारा. मी या उत्तरात ‘ते’ लिहितेय, कारण तुम्ही पत्राच्या पहिल्याच वाक्यात ‘लेकरू राहतं’ लिहिलंय आणि मग पुढं ‘ती’कडं वळलात. त्याला वेगळं काही हवं असेल तर मलाही कळवा, दुरुस्त करीन. या खेपेला तांबडी शाई माझ्या वाक्यांवर.

आणि तुमच्या सासूबाई! अख्ख्या घरात एकट्या त्याच बरोबर बोलताहेत आणि त्यांना पत्ताच नाही. लेकरू आलं का, जेवलं का. मराठवाड्यात चाळिशीच्या माणसालाही आई लेकरूच म्हणते, त्यात मुलगा-मुलगी कुणी शोधत नाही. आपेगावच्या ज्ञानोबांना ‘माउली’ म्हणताना लाखो लोकांची जीभ कधी अडखळली नाही. त्याचा तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध जोडणार नाही मी, संतांना उगाच कामाला लावू नये. एवढंच म्हणते की आपली जीभ आपण समजतो त्यापेक्षा जास्त वळते. नाव बदलायचं म्हणेल की नाही, ते आजच विचारू नका. घरात लाडाचं एखादं नाव असेलच, सोनू-पिंटू-बबड्या काहीतरी. तूर्त तेच चालू द्या.

होस्टेलच्या बाईंना, मेसवालीला, मामाला, कुणालाही लेकराला विचारल्याशिवाय सांगू नका. ‘विश्वासातल्या’ माणसालाही नाही. आपल्याकडं विश्वासातल्या माणसाचंही एक विश्वासातलं माणूस असतं.

तुमच्या मनात असेल की या गेममध्ये अनोळखी लोक भेटतात का. मी नावं घेतलेले सगळे एकट्यानं खेळायचे आहेत, त्यात पलीकडं कुणी बसलेलं नसतं. गेमबद्दल गप्पा मारायला पोरं डिस्कॉर्ड नावाच्या गप्पांच्या ॲपवर जमतात, तिथं मात्र कोण कोण असतं ते अधूनमधून विचारत जा. चौकशी म्हणून नको, मैत्रिणींची नावं विचारतो तसं.

हे गेम कॅनडा, अमेरिका, आयर्लंडमधल्या लोकांनी त्यांच्या आयुष्यातून काढलेले आहेत, हेही ध्यानात असू द्या. ‘इफ फाउंड’ नावाचा एक आहे, २०२० चा. आयर्लंडच्या पश्चिमेकडचं अकिल बेट, साल १९९३. कासिओ ही ट्रान्स मुलगी डब्लिनहून घरी येते आणि आईशी तिचं बिनसतं. तिची डायरी आपणच बोटानं खोडत पुढं जायचं असतं. चित्रं फार सुंदर आहेत, पण आई म्हणून बघताना टोचतं. तिथली पोरं घर सोडून एखाद्या पडक्या वाड्यात जाऊन राहू शकतात. सतरा वर्षांच्या आपल्या लेकरानं तसं करायचं ठरवलं तर रात्रीच्या परभणी स्टेशनवर त्याचं काय होईल, ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून घराचं दार उघडं आहे हे गेमनं सांगून भागत नाही, ते तुम्ही सांगायचं.

त्यापेक्षा त्याला ‘आय वॉज अ टीनएज एक्सोकॉलनिस्ट’ दाखवा, नाहीतर त्यानं तो आधीच खेळलेला असेल. नॉर्थवे गेम्सचा, २०२२ चा. परक्या ग्रहावर वस्ती करायला आलेल्या माणसांतलं एक दहा वर्षांचं पोर, ते वीस वर्षांचं होईपर्यंत आपण सांभाळायचं. काय शिकायचं, कुठं काम करायचं, कुणाशी मैत्री करायची, सगळं आपल्या हातात. मुलगा-मुलगी या दोन खणांऐवजी तिथं एक सरकती पट्टी आहे, आणि ती मधेच कधीही सरकवता येते. बाराव्या वर्षी एक वाटलं, सोळाव्या वर्षी दुसरं, तरी गेम ‘आधी तर असं म्हणाला होतात’ असा टोमणा मारत नाही. तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे त्या पोराचे आई-वडील शेतीवाले आहेत, वस्तीला खायला पिकवणारे. नवी जमीन, भलतेच किडे, उपासमारीची धास्ती. ह्यांना बोलावून एकदा दाखवा. बियाण्यावर चर्चा सुरू झाली तर निम्मं काम झालं समजा.

पण तुम्ही स्वतः सुरुवात करा ती ‘अंडरटेल’पासून. अमेरिकेच्या टोबी फॉक्सचा, २०१५ चा. कुठल्याही साध्या लॅपटॉपवर चालतो. जुन्या पद्धतीची चौकोनी-चौकोनी चित्रं, लहान अक्षरात इंग्रजी, अडलं तर लेकरू वाचून दाखवेल. एक पोर डोंगरातल्या खड्ड्यात पडतं आणि खाली राक्षसांच्या दुनियेत पोचतं. ते मुलगा आहे की मुलगी, हे शेवटपर्यंत कुणी म्हणत नाही आणि कुणी विचारतही नाही. खालचे राक्षस, सांगाडे, मासे, सगळ्यांना त्याच्याशी भांडायचं तरी असतं नाहीतर मैत्री तरी करायची असते, बाकी भानगडीत कुणी पडत नाही. एकालाही न मारता गेम पुरा करता येतो. हा गेम काही नॉन-बायनरी असण्यावर केलेला नाही. पण तशा कितीक पोरांना त्यात पहिल्यांदा बसायला जागा मिळाली.

मी तुम्हाला तो सुचवतेय तो टोरिएलसाठी. पडल्यावर थोड्याच वेळात पोराला भेटते ती टोरिएल, बकरीसारखं तोंड असलेली, लांब कानांची, अंगात झगा घातलेली. पोराला ‘माय चाइल्ड’ म्हणते, म्हणजे आपलं ‘लेकरा’. पुढं जमिनीतून काटे वर येतात, तिथून हाताला धरून पलीकडं नेते. फोन करून विचारते, तुला दालचिनी आवडते की बटरस्कॉच? आणि मग दोन्ही घालून ‘पाय’ (pie) नावाचा पदार्थ भाजते, गोड पुरण भरलेली भाकरीच म्हणा. पोर झोपलेलं असताना खोलीत एक तुकडा ठेवून जाते. तिच्या घरात सगळं आहे. फक्त पोरानं बाहेर जायचं म्हटलं की ती गप्प होते, तळघरात जाते आणि बाहेर पडायचं दार कायमचं मोडून टाकायला निघते, परत कुणी जाऊच नये म्हणून. बाहेरचे तुला मारून टाकतील, म्हणते. खोटं बोलत नसते. दारापाशी ती पोरावर आग फेकते, पण पोराचा जीव अगदी थोडा उरला की तिच्या आगीचे गोळे आपोआप बाजूनं जायला लागतात. भाच्याच्या मुलानं मला हे खेळायला लावलं तेव्हा किती तरी वेळा तिला ‘मारायचं नाही’ हेच बटण दाबत बसले. ती दर वेळी काहीतरी म्हणते किंवा नुसती बघत राहते. शेवटी कुशीत घेते आणि वाट सोडते.

लेकराच्या शेजारी बसून एवढाच भाग खेळा. बाणाच्या बटणांनी चालायचं, झेडनं होकार, एक्सनं नकार. मधे सल्ला देऊ नका, ‘म्हणजे मी अशी वाटते का तुला’ असंही विचारू नका. ते आपणहून बोललं तर ऐका. नाहीतर चहा ठेवा.

तुमच्याकडं रात्री अजून लाइट जाते म्हणालात, आणि लॅपटॉपची बॅटरी धड टिकत नाही. म्हणून सांगून ठेवते: वाटेत पिवळा चमकणारा तारा दिसला की आधी त्याला हात लावून सेव्ह करून घ्या. मी केलं नव्हतं, टोरिएलला तो ‘पाय’ पुन्हा भाजावा लागला.